पहार, मुकादम आणि दोनशे शब्द

माझी आतेबहीण पुण्यात मानसशास्त्रात एमए करत होती, तेव्हाची गोष्ट. शनिवारी सकाळी फोन. ‘दादा, आमच्या गटाची पीपीटी नीट उघडत नाहीये, जरा बघून दे ना.’ आयटीत नोकरी लागली की आपण आपोआप घरचे कॉम्प्युटर मेकॅनिक होतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको :)

चौघांचा गट होता. विषय, मेंदूला इजा झाल्यावर माणसाच्या वागण्यात होणारे बदल. फॉन्टची भानगड पाच मिनिटांत सुटली, पण तिसऱ्या स्लाइडवर मी अडकलो. एक कवटी, तिच्यातून आरपार गेलेली लोखंडी पहार आणि खाली तीन ओळी. अपघाताआधी : कष्टाळू, जबाबदार, सर्वांचा आवडता. अपघातानंतर : शिवराळ, लहरी, बेजबाबदार, कुठलीच नोकरी टिकेना. निष्कर्ष : मेंदूचा पुढचा भाग गेला की माणसाचा स्वभाव जातो.

ही स्लाइड त्यांच्या मॅडमनी पहिल्याच आढाव्यात परत पाठवली होती. त्यांचा प्रश्न एवढाच होता की हे तुम्हाला कुणी सांगितलं? पाठ्यपुस्तकानं. बरं, आणि पाठ्यपुस्तकाला कुणी सांगितलं? मग चौघांनी वाटण्या केल्या. एकानं १८४८ चा मूळ अहवाल वाचायचा, दुसरीनं १८५० चा, तिसऱ्यानं १८६८ चा आणि बहिणीनं हल्लीचे स्कॅनवाले पेपर. आम्ही प्रॉडक्शनमधला बग शोधताना लॉग मागे मागे वाचत जातो ना, अगदी तसंच. तिनं सगळ्या फाइल्स मलाही पाठवल्या आणि माझा तो वीकएंड कामाला लागला.

तर माणसाचं नाव फिनिअस गेज. वय २५. अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्यात कॅव्हेंडिश गावाजवळ रेल्वेमार्गासाठी डोंगर फोडायचं काम चाललं होतं, तिथला हा मुकादम. तारीख १३ सप्टेंबर १८४८, दुपारचे साडेचार. (आपली मुंबई-ठाणे गाडी धावायला अजून पाच वर्षं होती.) खडकात भोक पाडायचं, त्यात दारू आणि वात घालायची, वरून वाळू टाकायची आणि पहारीनं ठासायचं, अशी सुरुंगाची रीत. गेजची पहार त्यानं एका लोहाराकडून मुद्दाम बनवून घेतली होती. ३ फूट ७ इंच लांब, सव्वा इंच जाड, वजन सहा किलो, एका टोकाला निमुळती. मागच्या माणसांशी बोलायला त्यानं मान वळवली, वाळू बहुधा पडलीच नव्हती, पहार खडकावर घासली, ठिणगी उडाली. पहार डाव्या गालातून शिरली, डाव्या डोळ्यामागून गेली, कवटीचा माथा फोडून बाहेर पडली आणि पुढे २५ मीटरवर जाऊन आदळली.

गेज काही मिनिटांत बोलायला लागला. बैलगाडीत ताठ बसून पाऊण मैलावरच्या आपल्या बिऱ्हाडी गेला आणि दारात खुर्चीवर बसून राहिला. पहिले डॉक्टर आले त्यांना म्हणाला की आज तुम्हाला बरंच काम आहे. हे पहिले डॉक्टर एडवर्ड विल्यम्स पुढे डॉक्टरकी सोडून रेल्वेच्या धंद्यात गेले, इंजिनं बनवणाऱ्या बाल्डविन कंपनीत भागीदार झाले. त्यांच्या मुलानं १८८५ मध्ये ‘टाऊ बीटा पाय’ ही इंजिनिअरिंगच्या हुशार विद्यार्थ्यांची संस्था काढली. आपल्यातले जे एमएस करायला अमेरिकेत गेलेत त्यांनी हे नाव ऐकलं असेल. असो, विषयांतर झालं.

खरं काम केलं ते दुसऱ्या डॉक्टरनं. जॉन हार्लो, तिशीही न गाठलेला गावातला डॉक्टर. अँटिबायोटिक्स सोडाच, जखमेत जंतू असतात ही कल्पनादेखील अजून रुजलेली नव्हती. जखम चिघळली, गेज गुंगीत गेला, घरच्यांनी शवपेटीची तयारी केली. हार्लोनं पू काढून दिला. दहा आठवड्यांत गेज आपल्या आईवडिलांच्या घरी परतला. डावा डोळा मात्र गेला.

आता त्या लॉगकडे येऊ. १८४८ च्या अहवालात हार्लो जखमेबद्दल, उपचारांबद्दल लिहितो. मनात काय बदल झाले ते पुढे कधीतरी लिहीन, म्हणतो. मग १८५० मध्ये हार्वर्डचे शस्त्रक्रियेचे प्राध्यापक हेन्री बिगेलो यांचा लेख येतो. त्यांनी गेजला काही आठवडे बॉस्टनला ठेवून घेतलं होतं, डॉक्टरांपुढे उभं केलं होतं. त्यांचा निर्वाळा असा की गडी शरीरानं आणि मनानं जवळजवळ पूर्ण बरा झालाय. झालं! पुढची अठरा वर्षं वैद्यकीय जगात गेज म्हणजे ‘मेंदूचा एवढा मोठा तुकडा गेला तरी काही बिघडलं नाही’ याचा पुरावा. आपल्या तिसऱ्या स्लाइडच्या नेमकं उलट.

१८६८ मध्ये हार्लोचा दुसरा लेख येतो आणि चित्र पालटतं. गेजला मरून आठ वर्षं झालेली आहेत. हार्लो लिहितो की अपघाताआधी कंत्राटदारांच्या लेखी हा सगळ्यात कर्तबगार मुकादम होता, पण नंतर त्यांनी त्याला परत घेतलं नाही. लहरी झाला, शिव्या द्यायला लागला, बेत आखायचा आणि सोडून द्यायचा, कुणी अडवलेलं खपेना. नदीच्या पात्रातून आणलेले चार गोटे हजार डॉलरलाही द्यायला तयार नव्हता. ओळखीचे म्हणू लागले की हा आपला गेज नव्हेच.

या वर्णनाची लांबी किती असेल? सुमारे दोनशे शब्द. गेजच्या बदललेल्या स्वभावाबद्दल त्याला स्वतः तपासणाऱ्या माणसाचा पुरावा म्हणून जगाकडे जे आहे, ते जवळजवळ एवढंच. त्या दोनशे शब्दांतही बुद्धी आणि ‘पशुवृत्ती’ यांचा तोल गेला अशी भाषा आहे, म्हणजे डोक्याचे उंचवटे चाचपून स्वभाव सांगणाऱ्या त्या काळातल्या फ्रेनॉलॉजीची सावली आहेच. शिवाय हे निरीक्षण अपघातानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतलं. मला हार्लो खोटं बोलला असं अजिबात वाटत नाही. कंत्राटदारांनी परत घेतलं नाही हा मुद्दा तर मला फार बोलका वाटतो. पण एका माणसाबद्दलची दोनशे शब्दांची नोंद त्याच्या आयुष्यभराचं वर्णन म्हणून वापरली गेली, घोळ तिथून सुरू झाला.

१८७८ मध्ये डेव्हिड फेरिअर या ब्रिटिश शास्त्रज्ञानं लंडनच्या व्याख्यानांत गेजचा दाखला दिला. माकडांच्या मेंदूचा पुढचा भाग काढला की ती लकवा न होताही बदलतात असं त्याला दिसलं होतं आणि त्याला माणसातलं उदाहरण हवं होतं. तिथून गेज प्रसिद्ध झाला. पुढे प्रत्येक पुस्तकानं थोडा मसाला वाढवला. त्याला दारुडा केलं, भांडकुदळ केलं, सर्कशीतला तमाशा केलं. माल्कम मॅकमिलन या ऑस्ट्रेलियन मानसशास्त्रज्ञानं हा सगळा वाढीव मसाला वर्षानुवर्षं खपून वेगळा काढला. त्याचं गेजवरचं जाडजूड पुस्तक २००० साली आलं.

बहिणीच्या वाट्याला आलेल्या स्कॅनचीही हीच गत. गेजचा मेंदू कुणी जपलेला नाही, शवविच्छेदन झालेलं नाही, उरलीय ती फक्त कवटी. १९९४ मध्ये हॅना दमासिओ आणि सहकाऱ्यांनी कवटीच्या मापांवरून कॉम्प्युटर मॉडेल बनवलं आणि इजा दोन्ही बाजूंना झाली असं मांडलं. २००४ मध्ये बॉस्टनच्या गटानं कवटीचाच सीटी स्कॅन वापरला, त्यात इजा फक्त डाव्या बाजूला निघाली. २०१२ मध्ये तोच स्कॅन ११० निरोगी पुरुषांच्या मेंदूंच्या प्रतिमांवर बसवून हिशोब केला गेला. पृष्ठभागाचा सुमारे ४ टक्के भाग गेला, पण मेंदूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या तंतूंचा ११ टक्के. मला हा आकडा सगळ्यात पटला. सर्व्हर एकच गेला, पण केबल्स कुठे कुठे तुटल्या ते बघा, असं काहीसं. अर्थात पहारीमागून आलेल्या संसर्गानं आणखी किती मेंदू खाल्ला, ते कुठलंच मॉडेल सांगू शकत नाही.

इथपर्यंत हे सगळं इंटरेस्टिंग, पण जरा लांबचं वाटत होतं. मग बहिणीनं सांगितलं की त्यांच्या गटातल्या एका मुलाचा मोठा भाऊ बाइकवरून पडला होता. हेल्मेट नव्हतं. जीव वाचला, पण घरी आला तो चिडका, मध्येच हसणारा, आंघोळीलासुद्धा चार वेळा सांगावं लागणारा. घरात सगळे दबक्या आवाजात म्हणायचे, हा पूर्वीचा राहिलाच नाही. या मुलानं बैठकीत विचारलं, ‘गेज अपघातानंतर जवळजवळ बारा वर्षं जगला ना? मग ती बारा वर्षं तो करत काय होता?’ स्लाइडवर याचं उत्तर नव्हतं.

उत्तर हार्लोच्याच लेखात होतं, कुणी तिथवर वाचत नाही इतकंच. न्यूयॉर्कला बार्नमच्या म्युझियममध्ये काही काळ पहारीसकट लोकांना दर्शन दिल्यावर गेजनं न्यू हॅम्पशायरमधल्या हॅनोव्हरला घोड्यांच्या तबेल्यात सुमारे दीड वर्ष काम केलं. मग १८५२ मध्ये थेट दक्षिण अमेरिकेत चिलीला गेला. तिथं सुमारे सात वर्षं त्यानं घोडागाडी हाकली. आपल्या टांग्यासारखी नव्हे, सहा घोड्यांची, माणसांनी आणि सामानानं भरलेली लांब पल्ल्याची गाडी. व्हालपराइसो ते सँटिआगो हा सुमारे शंभर मैलांचा रस्ता. परका देश, परकी भाषा, प्रत्येक घोड्याचा लगाम वेगळा सांभाळायचा, वेळ पाळायची, प्रवाशांशी नीट वागायचं. शिवराळ, बेजबाबदार माणसाला हे किती दिवस जमलं असतं, तुम्हीच सांगा. मॅकमिलनला पुढे चिलीत राहिलेल्या एका अमेरिकन डॉक्टरची साक्षही सापडली. गेजला तिथं ओळखणारा हा डॉक्टर म्हणतो की त्याची तब्येत चांगली होती आणि मानसिक शक्तीत काहीही उणं नव्हतं.

२०१० मध्ये मॅकमिलन आणि मॅथ्यू लेना यांनी यावरून एक मांडणी केली. सुरुवातीला गेज बिघडला होता हे मान्य. पण रोज ठरलेल्या वेळी उठणं, घोडे जोडणं, ठरलेला रस्ता, ठरलेले थांबे... बाहेरून मिळालेल्या या शिस्तीनं त्याच्या आतल्या हरवलेल्या शिस्तीची जागा घेतली असावी. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांवर काम करणारा रशियन शास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया अशाच तऱ्हेनं कामाचे छोटे टप्पे पाडून, बाहेरून आधार देऊन रुग्णांना पुन्हा उभं करायचा. गेजला कुणी लुरिया भेटला नाही, घोडे भेटले. हा अंदाज आहे, सिद्ध झालेलं नाही. पण पुराव्याशी जुळणारा आहे आणि तिसऱ्या स्लाइडपेक्षा नक्कीच जास्त जुळणारा.

एक फोटोही आहे. एका अमेरिकन जोडप्याकडे कित्येक वर्षं एका रुबाबदार तरुणाचं जुनं छायाचित्र होतं. डावा डोळा मिटलेला, हातात लांब दांडा. त्यांना वाटायचं हा व्हेलची शिकार करणारा खलाशी असावा. २००७ च्या डिसेंबरात त्यांनी ते फ्लिकरवर टाकलं. तो हार्पून नव्हेच असं जाणकारांनी सांगितलं, मग कुणीतरी गेजचं नाव घेतलं. त्याच्या पहारीवर अक्षरं कोरलेली आहेत, ती फोटोतल्या दांड्यावरच्या अक्षरांशी जुळली आणि २००९ मध्ये हे जाहीर झालं. नीटनेटका कोट, विंचरलेले केस, पहार अशी धरलेली की जणू पदकच. गूगलून बघाच.

आणि ‘कुठलीच नोकरी टिकेना’ ही ओळ? तिचाही उगम सापडतो. १८५९ मध्ये तब्येत ढासळल्यावर गेज सॅन फ्रान्सिस्कोला आईकडे आला. जरा बरं वाटल्यावर सांता क्लारातल्या एका शेतावर कामाला लागला. १८६० च्या फेब्रुवारीत जेवताना त्याला पहिली फिट आली, मग येतच राहिल्या. त्यानंतरच्या थोड्या दिवसांत तो एकामागून एक कामं बदलत राहिला, कुठेच पटेना. हार्लोला हे आईनं सांगितलं. भाचरांना आपल्या प्रवासाच्या रचलेल्या, भन्नाट गोष्टी सांगून रमवायचा, मुलांवर आणि घोड्या-कुत्र्यांवर त्याचा फार जीव होता, हेही तिनंच सांगितलं. पुस्तकांनी त्यातले शेवटच्या दिवसांतले पटापट बदललेले रोजगार उचलले आणि अख्ख्या बारा वर्षांना चिकटवले. २१ मे १८६० ला, फिट्स येत असतानाच, वयाच्या ३६ व्या वर्षी तो गेला.