चित्र दिसले, म्हणून खरे?

नेवाशाला प्रवरेकाठी १९५४ ते १९५६ या काळात डॉ. सांकळिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केले. खड्ड्याच्या भिंतीत मातीचे थर दिसतात, त्यांचे चित्र कागदावर उतरवतात. मागाहून कोणी खणलेले पेव जुन्या थरात उतरलेले असले आणि ते ध्यानात आले नाही, तर शतकांची गल्लत होते. आज सांगायचे आहे ते अशाच थरांच्या चित्राविषयी. पण हे थर लोखंडाचे आहेत, आणि तेही फक्त यंत्राच्या पडद्यावर!

१९६५ साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरांहून खोल, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी व इंग्रज सहकाऱ्यांसह वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोची खूण टिपली. त्याच परंपरेतून पुढे तमिळनाडूतील तेनी जिल्ह्यात पन्नास हजार टन लोखंडाचा शोधक उभारण्याची योजना निघाली. त्यात १५१ थर. प्रत्येक प्लेट ५.६ सेंटिमीटर जाड, मध्ये ४ सेंटिमीटरांची फट. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मंजुरी दिली, पण स्थानिक विरोध आणि परवानग्यांत काम अडले.

तो शोधक संगणकात मात्र केव्हाच उभा राहिला. त्यासाठी वापरतात जिआंट-४ ही आज्ञावली. जिनिव्हाच्या सर्न संस्थेच्या पुढाकाराने, अनेक देशांच्या सहकार्याने ती रचली गेली आणि १९९८ साली प्रथम बाहेर आली.

आता गंमत पाहा. या आज्ञावलीत पेटीची जाडी सांगताना निम्मी सांगावी लागते, म्हणजे ५.६ ऐवजी २.८. नवखा विद्यार्थी ५.६ लिहितो. प्लेट होते ११.२ सेंटिमीटरांची, पण एका थरापासून पुढच्या थराचे अंतर ९.६ च! मग प्रत्येक प्लेट शेजारणीत १.६ सेंटिमीटर घुसते. पडद्यावर काय दिसते? एक सलग लोखंडी ठोकळा. पोरगा म्हणतो, चित्र काढणारा भाग बिघडला. तो बिचारा निर्दोष असतो.

उलटही घडते. सगळ्यांना वेढणारी बाहेरची पेटी भरीव रंगवली, की आतले काही दिसत नाही. तिला अदृश्य करावे, एवढेच. दोन पृष्ठभाग नेमके एकाच जागी आले, तर रंग लुकलुकतात. तेवढ्यावरून मोजमाप चुकले असे नव्हे.

म्हणून डोळ्यांवर विसंबू नये, असे माझे मत आहे. प्लेटच्या पृष्ठभागावर कोठेही बिंदू घेऊन ते शेजारच्या प्लेटीत पडतात का, हे तपासायची सोय आज्ञावलीतच आहे. शिवाय 'जिआंटिनो' नावाचा एक काल्पनिक कण असतो. तो कशाशीही टक्कर घेत नाही, सरळ जातो. वरून सोडला की प्रत्येक लोखंडी थरात किती अंतर चालला, ते नोंदवता येते. हा झाला आपला गजाचा माप.

एवढी चिकित्सा कशासाठी? न्यूट्रिनोने निर्माण केलेला म्यूऑन किती प्लेटा भेदून थांबला, यावर त्याची ऊर्जा ठरते. जाडी चुकली, की ऊर्जा चुकली, आणि न्यूट्रिनोविषयीचा निष्कर्षही. मदुराईला ८५ टनांचा, ११ थरांचा लहान शोधक २०१८ मध्ये चालू झाला. त्यातून आरपार जाणाऱ्या आकाशातल्या खऱ्या म्यूऑनांच्या वाटा संगणकातल्या वाटांशी ताडून पाहता येतात.