तेरड्यासाठी घोड्याची लीद

1767 साली लंडनमध्ये ‘एव्हरी मॅन हिज ओन गार्डनर’ नावाचं पुस्तक निघालं. बागेत कोणत्या महिन्यात काय करायचं हे महिनावार सांगणारं, हाताशी ठेवण्याचं पुस्तक. हिवाळा सरता सरता पेरायच्या ‘नाजूक’ फुलझाडांची त्यातली यादी वाचून मराठी वाचकाला हसू आवरणार नाही. दुहेरी पाकळ्यांचा तेरडा, कोंबडा, रंगीत पानांचा माठ आणि चक्क वांगं! वांगं खाण्यासाठी नव्हे. अंड्यासारखी पांढरी फळं धरणारं ते झाड कुंडीत लावून पाहुण्यांना दाखवायचं. या यादीतला तेरडा आपल्याकडे पावसाळ्यात डोंगरउतारावर आपसूक माजतो आणि भाद्रपदात गौर होऊन घरात येतो. माठाची बाजारात जुडी मिळते. कोंबड्याचा रानातला भाऊबंद कुर्डू शेतकरी तण म्हणून उपटतो, नाहीतर भाजीला नेतो. त्याच झाडांसाठी तिकडे भर थंडीत घोड्याची लीद रचायची, तिच्यावर काचेची पेटी ठेवायची आणि राखणीला माणूस बसवायचा, अशी सगळी व्यवस्था होती.

कारण अगदी साधं आहे. लंडनमध्ये फेब्रुवारीच्या सुरुवातीला दिवस जेमतेम नऊ तासांचा असतो आणि हिमाची भीती मे महिना निम्मा होईपर्यंत सरत नाही. तेरड्याच्या बियाला रुजायला वीस-एकवीस अंश ऊब लागते. मे अखेरीस उघड्यावर पेरलं तर फूल यायला ऑगस्ट उजाडणार आणि ऑक्टोबरात पुन्हा हिम पडणार. मधले दोन-अडीच महिने मिळवायचे तर झाडाचं बालपण घरात, छपराखाली उरकून घेणं भाग होतं.

ही युक्ती तशी पुरातन. रोमचा सम्राट टिबेरियस याला रोज काकडी लागे. त्यासाठी त्याचे माळी चाकं लावलेले वाफे दिवसा उन्हात ढकलत आणि थंडीत पारदर्शक दगडाच्या पातळ तक्त्यांखाली झाकत, असं प्लिनीने लिहून ठेवलं आहे. ती काकडी नसून लांबट खरबुजाचा प्रकार होता, असं आताच्या अभ्यासकांचं म्हणणं. सम्राटाच्या ताटातलं हे कौतुक अठराव्या शतकात इंग्लंडच्या हवेल्यांमध्ये नेमाचं काम होऊन बसलं, ते लिदीमुळे.

लिदीचा वाफा करणं हे कसबाचं काम होतं. तबेल्यातली ताजी, पेंढामिश्रित लीद आणून तिचा ढीग घालायचा. दोन-चार दिवसांत तो आतून तापे आणि त्यातून उग्र वाफ निघे. मग फावड्याने ढीग उलटापालटा करून पुन्हा रचायचा. पहिली रग उतरली, की तीन-चार फूट उंचीचा चौकोनी ओटा बांधायचा. थर पायाने तुडवायचे नाहीत, फावड्याने नुसते थोपटायचे. वर तळ नसलेली लाकडी चौकट आणि तिच्यावर तिरपं काचेचं झाकण. ओट्यात एक काठी खुपसून ठेवलेली असे. माळी ती उपसून मुठीत धरी आणि उष्णता ‘झेपेल’ इतकी आहे का, ते हाताने ठरवी. थर्मामीटर श्रीमंतांच्या काचघरांत आले होते, पण काठीवरचा विश्वास बराच काळ टिकला. ऊब मनासारखी झाली की चौकटीत पाच-सहा इंच माती पसरायची, नाहीतर मातीच्या कुंड्याच रोवायच्या आणि रोप टाकायचं.

खरी कसोटी पुढेच. काच बंद ठेवली तर कोंदलेल्या वाफेने रोपं कुजत, उघडी टाकली तर गारठत. म्हणून झाकणाखाली लाकडी पाचर सारून बोटभर फट ठेवायची, वारा फिरला की पाचर फिरवायची. रात्री वरून चटया घालायच्या, सकाळी काढायच्या. आळस करून दहापर्यंत काढल्या नाहीत, तर उजेडावाचून रोपं पिवळी, लेचीपेची आणि ताडमाड होत. दोन-तीन आठवड्यांत लीद निवायला लागे. मग चौकटीच्या चारही बाजूंना नवी गरम लीद थापायची. तेवढ्यात रोपांना चार पानं फुटली, की दुसरा ओटा तयार हवा, आणि उंची वाढली की अधिक उंच चौकटीचा तिसरा. आपल्याकडे तेरड्याचा रंग तीन दिवस. तिकडे त्या रंगापायी तीन ओटे आणि तीन महिने जात.

या पुस्तकाची जन्मकथाही मासलेवाईक आहे. लिहिणारा होता जॉन अ‍ॅबरक्रॉम्बी, पण त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून ड्यूक ऑफ लीड्सचा माळी टॉमस मॉ याला वीस पौंड देऊन मुखपृष्ठावर त्याचं नाव घातलं गेलं. पुढे अ‍ॅबरक्रॉम्बी त्याला भेटायला गेला, तेव्हा पावडर लावलेला केसांचा टोप आणि जरीचे कपडे पाहून आपण खुद्द ड्यूकसमोरच उभे आहोत, असं त्याला वाटलं म्हणे! हा किस्सा रंगवून सांगितलेला असेलही. पण मोठ्या बागेच्या मुख्य माळ्याचा रुबाब काय होता, ते त्यातून नेमकं कळतं. ओट्याशेजारी पहाटे चटया काढणारी पोरं मात्र बागेच्या भिंतीला टेकून बांधलेल्या खोल्यांत राहत आणि रात्री पाळीने उठून शेगड्यांत कोळसा घालत. त्यांची नावं पुस्तकांवर यायचा प्रश्नच नव्हता.

एकोणिसाव्या शतकात लिदीच्या जोडीला काच आली. काच आधीही होती, पण तिच्यावर वजनाप्रमाणे कर होता. 1845 साली तो उठला आणि काचघर हे केवळ सरदार-उमरावांचं लेणं राहिलं नाही. सहा वर्षांनी जोसेफ पॅक्स्टनने लंडनच्या हाइड पार्कमध्ये सुमारे तीन लाख काचांचा क्रिस्टल पॅलेस उभारला. हा पॅक्स्टन शिकलेला स्थापत्यविशारद नव्हे. चॅट्सवर्थ इथल्या ड्यूक ऑफ डेव्हनशरचा तो मुख्य माळी. काचघरं बांधता बांधता तो तिथवर पोचला. पुढे त्याने मध्यमवर्गासाठी सुट्या भागांची, उचलून नेता येतील अशी काचघरंही विकायला काढली.

काच स्वस्त, कोळसा मुबलक आणि माणसं त्याहून स्वस्त. या तिन्हींच्या मेळातून व्हिक्टोरियन बागेची ती प्रसिद्ध, आणि खरं सांगायचं तर जराशी भडक, रीत निघाली. हिवाळ्यात काचेखाली हजारो रोपं वाढवायची आणि हिमाची भीती गेली की एका झपाट्यात वाफ्यांत लावून गालिचा विणल्यागत रंगांच्या नक्षी काढायच्या. तांबडी जिरेनियम, निळी लोबेलिया, पिवळी कॅल्सिओलारिया. दक्षिण अमेरिकेतून आलेला पेटुनिया तेव्हा नवा होता. त्याची जांभळी जात 1831 साली ब्वेनोस आयरेसहून ग्लासगोला पोचली आणि थोड्याच वर्षांत संकरही तयार झाले. जिरेनियमसारखी झाडं फांद्यांपासून करत. पण लोबेलिया, पेटुनियाची मदार बियांवर होती, आणि ते बी असं बारीक की एका ग्रॅममध्ये हजारोंनी भरतं. ते मातीखाली गाडायचं नाही, वर नुसतं भुरभुरायचं आणि काच ठेवायची. रेडिंगच्या सटन्ससारख्या बियाणेवाल्यांनी अशा बियांच्या पुड्या टपालाने घरोघर पोचवल्या. 1840 पासून एका पेनीत पत्र जाऊ लागल्याने त्यांचं काम सोपं झालं होतं.

मोठ्या घरांत रोपांची संख्या हीच प्रतिष्ठा होऊन बसली. हॅल्टन इथल्या आल्फ्रेड डी रॉथशिल्ड यांच्या बागेच्या मुख्य माळ्याने ऐकीव हिशेब सांगून ठेवला आहे: गावच्या जमीनदाराला दहा हजार रोपं, बॅरोनेटला वीस, अर्लला तीस आणि ड्यूकला चाळीस हजार. रॉथशिल्ड ड्यूक नव्हते, पण त्यांच्या बागेतला आकडा चाळीस हजारांच्या वर होता. फुलांत कुणाला किती रस होता कोण जाणे. या हिशेबात मोजली जात होती ती ऊब: किती काच, किती कोळसा, किती माणसांची झोपमोड.

याच्यावर तुटून पडला तो आयरिश माळी विल्यम रॉबिन्सन. ‘द वाइल्ड गार्डन’ (1870) आणि ‘द इंग्लिश फ्लॉवर गार्डन’ (1883) या पुस्तकांत त्याने तिथल्या थंडीत स्वतःहून टिकणाऱ्या झाडांचा कैवार घेतला. तरुणपणी मालकाशी बिनसलं म्हणून त्याने एका हिवाळी रात्री काचघरांच्या भट्ट्या विझवल्या, खिडक्या सताड उघडल्या आणि डब्लिनची वाट धरली, अशी आख्यायिका आहे. ती बहुधा बनावट असावी, पण त्याच्या लेखणीला शोभणारी खरी. प्रत्यक्षात त्या भट्ट्या विझवल्या पहिल्या महायुद्धाने. पोरं आघाडीवर गेली, कोळसा महागला आणि अनेक काचघरं ओस पडली. रस्त्यांवर मोटारी वाढत गेल्या तशी लीदही आटली.

तरी एक जुना शत्रू हटला नव्हता. उगवून आलेलं रोप एका रात्रीत बुडाशी काळं पडून आडवं होई आणि ती मर बघता बघता सगळा ट्रे खाई. 1930च्या दशकात लंडनजवळच्या मर्टन इथल्या जॉन इनेस संस्थेत हे दुखणं शास्त्रज्ञांच्याच मुळावर आलं. तिथे ‘प्रिम्युला सायनेन्सिस’ या फुलझाडावर आनुवंशिकतेचे प्रयोग चालत. ते करणाऱ्यांत शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेनही होते, ते पुढे 1957 साली भारतात आले आणि इथलेच होऊन राहिले. रोपंच मेली तर प्रयोग कशावर करायचे? विल्यम लॉरेन्स आणि जॉन न्यूवेल यांनी मग मातीलाच हात घातला. तोवर प्रत्येक माळ्याची प्रत्येक झाडासाठी वेगळी, बहुधा गुप्त, पाककृती असे. या दोघांनी माती वाफेवर तापवून रोगजंतू मारले आणि बी पेरायला एकच मिश्रण ठरवलं: दोन भाग तापवलेली माती, एक भाग पीट, एक भाग वाळू, वर थोडं सुपर फॉस्फेट आणि खडूची भुकटी. संस्थेने हे सूत्र दडवून ठेवलं नाही, सरळ छापून टाकलं. आजही ब्रिटनमध्ये त्या मातीच्या पिशव्या जॉन इनेसच्या नावाने विकल्या जातात. संस्था स्वतः त्या विकत नाही.

रोपासाठी माती भाजून घेण्याची कल्पना कोकणातल्या शेतकऱ्याला नवी वाटली नसती. भाताचं रोप टाकण्याआधी त्या जागेवर कवळ, पालापाचोळा आणि शेण पसरून पेटवायचं, म्हणजे राब भाजायचा, ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे हॅरल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांसह राबावर 1912 साली शास्त्रीय निबंधही प्रसिद्ध केला होता. दोन्हींचा हेतू अगदी एक नव्हे. राबात तणाचं बी जळतं, राखेचं खत मिळतं. पण पेरण्याआधी मातीला ऊन दाखवणं पुरेसं नाही, आग दाखवावी लागते, हे दोन्हीकडे ओळखलेलं होतं.

इंग्रज साहेब हंगामी फुलांचं हे वेड बरोबर घेऊन हिंदुस्थानात आले आणि इथल्या पंचांगाने त्यांची तारांबळ उडवली. विलायतेहून मागवलेलं बी पावसाळी दमटपणात मरे. पेरायचं ते हिवाळा सरताना नव्हे, तर पाऊस सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात. रोप जपायचं ते गारठ्यापासून नव्हे, परतीच्या सरींपासून. पुण्यात 1830 साली स्थापन झालेली अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी एम्प्रेस गार्डन सांभाळते. तिथल्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनात दिसणारे पेटुनिया, फ्लॉक्स, पॅन्सी याच वेळापत्रकाने वाढतात. लंडनचा माळी पेटुनियाचं बी पेरायच्या तयारीत असतो, तेव्हा पुण्यात त्याच फुलाला बक्षीस मिळून गेलेलं असतं.

विसाव्या शतकात बी तयार करण्याचा धंदाच उबेच्या शोधात निघाला. जपानच्या साकाता कंपनीने 1930च्या दशकात सगळी फुलं दुहेरीच निघतील असं पेटुनियाचं बी काढलं आणि त्याने अमेरिकेत धमाल उडवून दिली. मग क्लॉड होप या अमेरिकन माणसाने कोस्टारिकात ठाण मांडलं. तिथे काचघर तापवावं लागत नव्हतं आणि परागीभवन हाताने करणाऱ्या बायकांची मजुरीही कमी होती. त्याने तेरड्याच्या आफ्रिकी चुलत बहिणीला, इम्पेशन्सला, ठेंगणं आणि भरगच्च करून ‘एल्फिन’ नावाने बाजारात आणलं. सावलीत फुलणाऱ्या त्या झाडाने अमेरिकेतली अंगणं काबीज केली. पुढे इम्पेशन्सवर केवडा नावाचा बुरशीसारखा रोग आला आणि अनेक रोपवाटिकांनी काही वर्षं ती लावणंच सोडलं. आता रोगाला दाद न देणारे वाण निघाले आहेत.

आज तिकडचा हौशी माणूस स्वयंपाकघराच्या खिडकीत किंवा तळघरात दिव्याखाली ट्रे मांडतो. तळाशी विजेची गरम चटई, वर पारदर्शक प्लास्टिकचं झाकण. पाणथळ जमिनी खरवडून काढलेलं पीट वापरू नये, असा आग्रह ब्रिटनमध्ये वाढतो आहे. त्यामुळे अशा कित्येक ट्रेमध्ये आता दक्षिण भारतातल्या आणि श्रीलंकेतल्या नारळाच्या सोडणांचा भुसा असतो. काथ्या काढून झाल्यावर उरलेले हे ढीग एके काळी कारखान्यांच्या आवारात नुसते पडून असत. आता ते दाबून विटा करतात आणि जहाजाने पाठवतात.