वासराचे पोट आणि घोटीचा बैल

मुंबई-आग्रा रस्त्याने कसारा घाट चढून इगतपुरी मागे टाकली की घोटी येते. भाताच्या गिरण्यांचे हे गाव डांगी जनावरांच्या बाजारासाठीही ओळखले जाते. या भागातल्या काही शिक्षकांबरोबर आम्ही एकदा जगातल्या चीजच्या प्रकारांविषयी बोलत होतो. रोकफोर, पार्मेजान, गौडा, एमेंताल अशी नावे फळ्यावर लिहून झाली आणि एका गुरुजींनी विचारले, "आमच्याकडे गाई आहेत, गवत आहे, पाऊस तर हवा त्याहून जास्त. मग घोटीचे चीज का नाही?"

उत्तरे लगेच आली. आपल्याला कृती माहीत नव्हती, धर्माला चालले नसते, हवा उष्ण आहे. यांतले पहिले चूक, दुसरे अर्धवट आणि तिसरे बरोबर असले तरी अपुरे आहे, असे आम्हांला वाटते. खरे कारण शोधायचे तर गाईपेक्षा तिच्या गोऱ्ह्याकडे पाहावे लागते.

आधी चीज म्हणजे काय ते पाहू. गाईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते, म्हणून ते लवकर नासते. त्यातले पाणी काढून प्रथिने व स्निग्धांश मागे ठेवले तर ते टिकते. सुमारे दहा लिटर दुधातून एक किलो कठीण चीज मिळते. दुधातले मुख्य प्रथिन केसीन. त्याचे सूक्ष्म कण दुधात तरंगत असतात आणि बाहेरच्या केसांसारख्या टोकांमुळे एकमेकांना चिकटत नाहीत. त्यांना एकत्र आणण्याचे दोन मार्ग आहेत. एक आम्लाचा. लिंबू पिळले, की कण एकमेकांना दूर सारेनासे होतात, त्यांतले कॅल्शियम सुटते आणि दूध फाटते. हे आपले पनीर. दुसरा मार्ग रेनेटचा. त्यातले कायमोसिन हे विकर ती केसांसारखी टोके कापून टाकते. कॅल्शियम मात्र जागेवरच राहते, त्यामुळे तयार होणारा गोळा लवचीक असतो. तो दाबता येतो, मिठात मुरवता येतो, महिनोन्‌महिने पिकवता येतो. तव्यावर चीज वितळते आणि पनीर वितळत नाही, याचे कारण हेच. वर्गात हा प्रश्न जरूर विचारावा. मुलांनी दोन्ही पदार्थ पाहिलेले असतात, पण त्यांच्यातला फरक कुणी विचारलेला नसतो.

आता हे रेनेट मिळते कोठे? दूधपित्या वासराच्या जठराच्या चौथ्या कप्प्यात. पातळ दूध पोटातून भरकन निघून जाऊ नये म्हणून तेथे ते घट्ट केले जाते. वासरू चरू लागले की कायमोसिन कमी होत जाते. म्हणजे रेनेट हवे तर वासरू कोवळे असतानाच मारावे लागते. युरोपात हे जमून गेले. तेथला हिवाळा लांब, चारा मोजका. जन्मलेले सगळेच गोऱ्हे पोसणे परवडत नसे. मांस, कातडे आणि रेनेट अशा तिन्ही गोष्टी एकाच वेळी मिळत. पोलंडमधील कुयाविया भागात सापडलेल्या सुमारे ७००० वर्षांपूर्वीच्या सच्छिद्र खापरांतून चीज गाळत असावेत, असे पीटर बोगुकी या पुरातत्त्वज्ञाने १९८०च्या दशकात सुचवले होते. २०१२ साली ब्रिस्टल विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञांना त्या खापरांत दुधाच्या स्निग्धांशाचे अवशेष मिळाले आणि तर्काला पुरावा लाभला.

आता घोटीला परत येऊ. इगतपुरीला वर्षाला ३००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो. अशा पावसात, गुडघाभर चिखलात, भाताच्या खाचरात दिवसभर उभा राहणारा बैल हवा. डांगी जात त्यासाठीच घडलेली आहे. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके, टणक काळे खूर आणि कातडीतून पाझरणारा तेलकट स्राव, त्यामुळे पाणी अंगात मुरत नाही. कोळी महादेव, ठाकर, कानडी आणि मराठा शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या ही निवड केली. दुधाचा हिशेब मात्र तोकडा आहे. एका वेतात साधारण चारशे लिटर, आणि त्यातले वासराला पाजून उरेल ते. डांगी गाय दुधासाठी कधी पाळलीच नाही. पाळली ती गोऱ्ह्यासाठी. तीन-चार वर्षांनी चिखलणीला जुंपायचा बैल आठवड्याभराचा असताना चीजसाठी मारणे म्हणजे बियाण्याचे भात शिजवून खाणे! धार्मिक भावनेचे बळ आम्ही नाकारत नाही. पण ती भावनाही अशाच शेतीत रुजली, हे विसरता कामा नये.

मग उरलेल्या दुधाचे काय केले? विरजण लावले, घुसळले, लोणी कढवले. तुपात पाणी अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते, म्हणून ते दमट हवेतही महिनोन्‌महिने टिकते. प्रथिने ताकातून त्याच दिवशी घरात खपली. चीज पिकायला साधारण दहा-पंधरा अंशांची थंड जागा लागते. रोकफोरच्या चुनखडकातील गुहा तर याहूनही थंड. घोटीच्या उन्हाळ्यात ते जमले नसते. थोडक्यात, दूध साठवण्याचा प्रश्न येथेही सुटला होता; फक्त उत्तर निराळे होते.

कृती माहीत नव्हती हे तर मुळीच खरे नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात दुधात आंबट घालून ते फाडण्याची आणि चोथ्याची मिठाई करण्याची कृती आहे. सुरत-मुंबईकडचे पारशी टोपली पनीर तर पूर्वापार प्राण्याच्या रेनेटनेच लावत. बंगालमध्ये पोर्तुगीजांच्या मागे बंडेल चीज राहिले. सिंध-अफगाणिस्तानकडे अश्वगंधेच्या कुळातल्या 'पनीर फूल' या झुडपाच्या फळाने दूध घट्ट करतात, आणि पोर्तुगालमध्ये सेर्रा दा एस्त्रेला हे चीज रानटी आर्टिचोकच्या फुलाने लावतात. वासराशिवायही वाट होती, पण ती थोड्याच ठिकाणी रुळली.

आणि आपला खरवस? त्याला रेनेट नको, लिंबूही नको. गाईच्या पहिल्या चिकात प्रथिने सुमारे १४ टक्के असतात, नेहमीच्या दुधाच्या चौपट. त्यांत वासराला रोगांपासून वाचवणारी प्रतिपिंडेच जास्त, आणि ती नुसत्या उष्णतेने अंड्यासारखी घट्ट होतात. खरवसाला चीजच्या यादीत कोणी घेत नाही. आम्ही घेऊ.

पुढे गणित बदलले. विसाव्या शतकात बुरशीपासून रेनेट मिळू लागले. १९९० साली अमेरिकेत जनुकीय तंत्राने सूक्ष्मजीवांकडून बनवून घेतलेल्या कायमोसिनला मान्यता मिळाली. भारताच्या २०११च्या अन्नसुरक्षा नियमांत तर चीजच्या व्याख्येतच प्राणिज नसलेले रेनेट धरलेले आहे. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या चीजला वासराची गरज उरलेली नाही. इकडे खाचरांत पॉवर टिलर आले आणि गोऱ्ह्याचीही गरज घटली. ज्या कारणाने तो येथे वाचला, ते कारणच विरत चालले आहे. जास्त दूध देणाऱ्या संकरित गाई गोठ्यात आल्यावर डांगीचे काय होणार, या प्रश्नाला बैठकीत कोणापाशीच उत्तर नव्हते.

त्या गुरुजींनी नंतर वर्गात तीन वाट्या मांडल्या: लिंबाने फाडलेले दूध, विरजलेले दही आणि खरवस. मुलांनी प्रत्येक वाटीत बोट घालून पाहिले. एका मुलीने चौथी वाटी कुठे आहे असे विचारले. तिच्यासाठी सूक्ष्मजीवांपासून केलेले रेनेट मुंबईहून मागवले आहे.