विमान-कापडावरील लेप

हलक्या विमानाच्या सांगाड्यावर ताणून बसवलेले कापड हवाबंद व्हावे, त्याचा ताण टिकावा आणि ते उन्हाने कुजू नये म्हणून त्यावर चढवलेल्या थरांना लेप म्हणतात. जुन्या कारागिरांचा शब्द ‘डोप’. कारखान्यातून आलेल्या प्रमाणित विमानाला कोणता लेप द्यायचा हे कागदोपत्री ठरलेले असते. घरी विमान बांधणाऱ्याला ते स्वतः ठरवावे लागते, आणि बहुतेक जण त्या वेळी रंगाच्या छटांचा तक्ता पुढ्यात घेऊन बसतात. रंग हा या कामातला शेवटचा थर, आणि विमानाच्या आयुष्याशी त्याचा संबंध सर्वांत कमी.

राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानावर साधे सुती कापड होते. त्याला लेप नव्हता. पुढे लिनन आणि सुती कापडावर सेल्युलोज नायट्रेटचा डोप फासण्याची पद्धत रूढ झाली. डोप वाळताना आकसतो आणि सैल कापड ओढून घेतो. त्याचा मोठा दोष म्हणजे तो भडकतो. जुन्या चित्रपटांच्या फिती ज्या रसायनाच्या असत, त्याच घराण्यातला हा पदार्थ. पुण्यात २००३ साली अशा फितींच्या साठ्याला लागलेली आग अनेकांना आठवत असेल. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये कमी ज्वलनशील असा अ‍ॅसिटेट डोप वापरला गेला, पण त्यातील टेट्राक्लोरोइथेन या द्रावकाने कामगारांची यकृते बिघडली, काविळीने काही दगावले. पुढे ब्युटिरेट डोप आला. तो सहज पेटत नाही, मात्र वर्षानुवर्षे आकसत राहतो आणि नाजूक लाकडी फासळ्यांना बाक आणतो. म्हणून न आकसणारा प्रकारही बाजारात आला.

भारतात या काळाच्या खुणा आहेत. जे. आर. डी. टाटांनी १९३२ साली कराचीहून मुंबईला टपाल आणले ते पस मॉथ विमान कापडी आवरणाचेच होते. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टचे पुष्पक (पहिले उड्डाण १९५८) हेही पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड चढवलेले विमान. फ्लाइंग क्लबांतल्या कित्येक वैमानिकांनी उड्डाणाचे पहिले धडे त्यावर गिरवले.

पॉलिएस्टर आल्यावर प्रश्नाचे स्वरूपच बदलले. हे कापड गोंदाने सांगाड्याला चिकटवायचे आणि इस्त्रीने ताणायचे. पॉलि-फायबर पद्धतीत (तिच्याविषयी पुढे) पहिला हात साधारण १२० अंश सेल्सिअसला, शेवटचा सुमारे १७५ अंशांना. घरातली इस्त्री त्यासाठी चालते, पण तिच्या चकतीवरच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा नाही. तळाला तापमापक लावून आधी खुणा करून घ्यायच्या. इस्त्री फिरते तशा सुरकुत्या डोळ्यांदेखत विरतात, आणि शेवटी टिचकी मारली की डफासारखा आवाज येतो. उष्णता मर्यादेबाहेर गेली तर तंतू पुन्हा सैल पडतात आणि मग कितीही इस्त्री केली तरी ताण परत येत नाही. त्याहून पुढे, २५० अंशांच्या आसपास, कापड सरळ वितळते. थोडक्यात, ताणण्याचे काम आता इस्त्रीकडे गेले. लेपाकडे विणीतली भोके बुजवणे आणि अतिनील किरण अडवणे एवढेच उरले.

यातले दुसरे काम जास्त महत्त्वाचे. पॉलिएस्टर ओलाव्याने किंवा बुरशीने कुजत नाही, पण उघडे राहिले तर उन्हाने झपाट्याने कमजोर होते. म्हणून मधला थर अ‍ॅल्युमिनियमच्या भुकटीचा, चंदेरी. तो पुरेसा जाड झाला की नाही हे पाहण्याची जुनी युक्ती आजही चालते: अंधारात पंखाच्या आत साठ वॅटचा दिवा धरायचा. बाहेरून उजेड झिरपताना दिसला तर आणखी एक हात द्यायचा. दिसला नाही तर थांबायचे. थांबणेही तितकेच गरजेचे, कारण चंदेरी थर जाड झाला की वजन वाढते आणि पुढे तडे जातात.

आज बांधणाऱ्यासमोर मुख्यतः चार वाटा आहेत. सेकोनाइट या पॉलिएस्टर कापडावर आधी नायट्रेट आणि वर ब्युटिरेट ही जुन्या विमानांची वाट. नायट्रेट पॉलिएस्टरला नीट धरतो, ब्युटिरेट तेवढा धरत नाही, म्हणून हा क्रम. उलट केले, म्हणजे ब्युटिरेटवर नायट्रेट दिला, तर थर टिकत नाही. दमट हवेत डोप पांढरा पडतो. द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर बाष्प धरते आणि थर ठिसूळ होतो. पावसाळ्यात कोकणात फर्निचरला लॅकर मारणाऱ्या सुताराला हे वेगळे सांगायला नको.

दुसरी वाट व्हिनाइलची. कॅलिफोर्नियातल्या रे स्टिट्स यांनी विकसित केलेली पॉलि-फायबर पद्धत तिचा ठळक नमुना: चिकटवायला पॉलि-टॅक, भोके बुजवायला गुलाबीसर पॉलि-ब्रश, उन्हासाठी चंदेरी पॉलि-स्प्रे, वर पॉलि-टोन. पॉलि-ब्रशचा पहिला हात ब्रशनेच द्यायचा, म्हणजे तो विणीत मुरतो. मात्र इतका ओला नको की कापडापलीकडे आत थेंब लोंबकळतील. हे व्हिनाइल ज्योत पसरू देत नाही. त्याचा सर्वांत मोठा गुण दुरुस्तीत दिसतो. वर्षांनंतरही एमईके द्रावकाने ते मऊ होते, म्हणून ठिगळ जुन्या थरात विरघळून एकजीव बसते. चकाकी मात्र मंद असते. चकचकीत विमान हवे म्हणून वर पॉलियुरेथेन मारणारे आहेत. ते देखणे दिसते, पण विरघळत नाही, त्यामुळे ठिगळाआधी तेवढा भाग घासून काढावा लागतो. शिवाय त्यातील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असते. त्यासाठी साधा मुखवटा पुरत नाही; बाहेरून नळीने ताजी हवा देणारे उपकरण लागते. गॅरेजमध्ये, वर मुलांची खोली असताना, हे काम करूच नये.

तिसरी वाट पाण्यावर आधारित लेपांची. स्ट्यूअर्ट सिस्टिम्सचे इकोबाँड आणि इकोफिल त्यातले. वास आणि आगीचा धोका कमी, पण फवारणीचा हात नव्याने शिकावा लागतो. चौथी वाट ओराटेक्सची. या जर्मन कापडावर लेप आणि रंग आधीच चढवलेले असतात. चिकटवले, इस्त्री केली, काम झाले. वजन वाचते आणि महिने वाचतात, पैसे वाचत नाहीत.

घराच्या भिंतीचा अ‍ॅक्रिलिक रंग वापरणारेही अमेरिकेत आहेत, आणि त्यांची विमाने उडतात. स्वस्त, विनावास, रोलरने मारता येणारा. प्रमाणित विमानाला तो चालत नाही. प्रायोगिक वर्गातल्या घरबांधणीच्या विमानाला कायद्याने आडकाठी नाही. पण ठिगळ त्यात विरघळत नाही आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तो पटवून देणे कठीण जाते. स्वतःच उडवायच्या एखाद्या संथ पीटनपोल एअर कँपरला ठीक, विकायच्या विमानाला नको.

कापडाचे वजन लेपाआधी ठरवावे. चौरस मीटरला सुमारे ५८, ९२ आणि ११५ ग्रॅम असे तीन गट प्रचलित आहेत; बहुतेक दोन आसनी विमानांना मधला पुरतो. जोखण्याचे माप अजून जुन्या ‘ग्रेड ए’ सुती कापडाचेच आहे: इंचभर रुंद नवी पट्टी ८० पौंड (सुमारे ३६ किलो) ओढ सोसते, आणि ती ५६ पौंडांखाली आली की कापड बदलायचे.

वाट कोणतीही घेतली तरी एका पद्धतीचा गोंद आणि दुसरीचा रंग असा मेळ घालू नये. थर एकमेकांशी रासायनिकदृष्ट्या जुळतात की नाही हे हँगरमध्ये नव्हे, दोन उन्हाळ्यांनंतर पापुद्रे सुटू लागल्यावर कळते. पहिलेच विमान बांधणाऱ्याने, हवा खेळती असलेली जागा असेल तर, मंद चकाकीचे व्हिनाइल घ्यावे. पहिल्या विमानाला ओरखडे पडतातच. जागा बंदिस्त असेल तर पाण्याचा लेप किंवा ओराटेक्स.

कापडाचा गट, लेपाची पद्धत आणि शेवटच्या थराची तारीख लॉगबुकात लिहून ठेवावी. ती नोंद नसलेल्या पंखाची दुरुस्ती करणारा पहिले काम एकच करतो: एमईके लावलेला बोळा कोपऱ्यात घासून बघतो. रंग उतरला तर व्हिनाइल किंवा डोप, नाही उतरला तर बहुधा युरेथेन.