मेळघाटातील बालके आणि सरकारची व्यवस्था

पावसाळा लागला म्हणजे वऱ्हाडच्या सपाटीवरील शेतकऱ्याचे मन उल्हसित होते. परंतु अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेकडील डोंगराळ भागात, धारणी व चिखलदरा या दोन तालुक्यांत, हाच काळ आयांस काळजीचा असतो. नाले भरून वाटा बंद होतात, घरातील धान्य संपत येते, आणि हगवण, हिवताप व न्यूमोनिया एकदमच घरात शिरतात. १९९३ सालच्या अशाच दिवसांत मेळघाटात शेकडो बालके दगावली. वृत्तपत्रांनी ती वार्ता देशभर नेली व प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले.

त्या वेळी आम्हां सुशिक्षितांत सर्वत्र असे बोलले गेले की, त्या रानात सरकार कधी पोहोचलेच नव्हते. इतिहास काही निराळेच सांगतो. १८५३ साली वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला, आणि पुढे थोड्याच वर्षांत मेळघाटचे जंगल राखीव ठरू लागले. कोरकूंची फिरती शेती बंद पडली. शाळा व दवाखाना यांच्या पुष्कळ आधी तेथे जंगलखात्याचा शिपाई येऊन बसला होता! स्वराज्यानंतर १९७४ साली व्याघ्रप्रकल्प झाला. आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी सबंध देशात बालविकासाचे जे पहिले तेहतीस प्रकल्प सुरू झाले, त्यांत धारणीचा समावेश होता. म्हणजे ज्या भूमीवर अंगणवाडी सर्वांच्या आधी आली, तेथेच अठरा वर्षांनी हा अनर्थ घडला. तेव्हा उणीव सरकारच्या अस्तित्वाची नव्हती. ती दुसऱ्याच कशाची तरी होती.

कोरकू भाषा ही मराठीची किंवा हिंदीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातील असून तिच्या बहिणी, संथाळी व मुंडारी, दूर छोटा नागपूरकडे नांदतात. अमरावती-अकोल्याहून बदलून गेलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यास आईचे बोलणे कळत नसे, आणि त्याचे आईस. तिचा विश्वास भुमक्यावर. बालकाचे पोट फुगले तर तापलेल्या लोखंडाने पोटावर डाग देण्याचा त्याचा उपाय क्रूर आहे, आणि त्याचे समर्थन आम्ही मुळीच करीत नाही. परंतु भुमका मध्यरात्री बोलाविला तरी येतो, त्यास घराण्याची चार पिढ्यांची नावे ठाऊक असतात, व तो आईवर ओरडत नाही. हे तीनही गुण आमच्या किती दवाखान्यांत आढळतात, याचा विचार वाचकांनीच करावा.

१९९५ साली नवसंजीवन योजना आली. पावसापूर्वी दुर्गम गावी धान्य साठवावे, डॉक्टरांची भरारी पथके फिरवावी, गर्भवतीस आठशे रुपयांचे अनुदान द्यावे, अशी तिची कलमे होती. पुढे या कामाचा आढावा घेणाऱ्या गाभा समितीत स्वयंसेवी कार्यकर्त्यांसही स्थान मिळाले. आमच्या मते धान्याइतकेच मोल या शेवटच्या गोष्टीस आहे. कारण कागदावर पोहोचलेले धान्य खरोखर पोहोचले की नाही, हे सांगणारा माणूस प्रथमच अधिकाऱ्यासमोर खुर्चीवर बसला.

असे काम करणारी माणसे मेळघाटात होतीच. डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे या दांपत्याने बैरागडास नाममात्र शुल्कावर रोगी तपासण्यात आयुष्य वेचले. २०१९ साली त्यांस पद्मश्री मिळाली. धारणीजवळ उतावली येथे डॉ. आशिष सातव यांनी गावातल्याच स्त्रियांस बालकांचे आजार ओळखून उपचार करण्याचे शिक्षण दिले. घरोघर बाळ सांभाळण्याची ही रीत डॉ. अभय व राणी बंग यांनी गडचिरोलीत आधी सिद्ध केली होती, आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’ या विलायती वैद्यकपत्राने ती जगापुढे मांडली. बाळाचे श्वास मोजणारी ही बाई गावचीच असते, तिच्याशी आई आपल्या भाषेत बोलते. सारे मर्म एवढ्यातच आहे. अलीकडे सरकारनेही भुमक्यांस हाताशी धरून रोगी दवाखान्यात आणण्यास उत्तेजन दिले, हे शहाणपण उशिरा का होईना सुचले.

मात्र सरकार हे एकच नसते. एक खाते मुलास आहार देते, तर दुसरे त्याच्या बापास रानातून उठविते. व्याघ्रप्रकल्पातील कोहा, कुंड, बोरी व त्यामागून इतर काही गावे अकोला जिल्ह्यात अकोट-तेल्हाऱ्याकडे नेऊन वसविण्यात आली. नव्या जागी जमीन नाही, औषधोपचार नाही, आणि आजाराने कित्येक माणसे गेली, अशी त्यांपैकी काही गावांची तक्रार होती. त्यांतील लोक २०१७ साली आपल्या जुन्या रानात परतले. जानेवारी २०१९ मध्ये पुन्हा तसेच घडले, व सरकारी पथकांशी त्यांची झटापट झाली. वाघ राहावा हे आम्हांसही मान्य आहे. परंतु ज्या मुलाचे गाव एका जिल्ह्यात व मन दुसऱ्या जिल्ह्यात, त्याचे वजन कोणत्या अंगणवाडीने घ्यावे?

दिवाळी झाली की मजुरीसाठी घरेच्या घरे बाहेर पडतात, ती होळीस परततात. लस, आहार, वजनाची नोंद, सर्व मध्येच तुटते. म्हणून मेळघाटच्या पायथ्याशी असलेल्या पायविहीर गावाची हकीकत आम्हांस महत्त्वाची वाटते. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २०१२ साली या गावास सुमारे दोनशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. उजाड टेकडीवर गावकऱ्यांनी झाडे लावली, चराई आवरली, आणि तेथील सीताफळे मुंबईच्या बाजारात धाडू लागले. २०१४ साली त्यांस जैवविविधतेचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. काम गावातच मिळू लागल्याने बाहेर जाणारी घरे कमी झाली, आणि त्या घरांतील पोरे दिवाळीनंतरही गावातच राहू लागली.