मुंबईतील घरांच्या किंमती व त्यांतील प्रादेशिक तफावत

मुंबई बेट, त्याची उपनगरे आणि रेल्वेमार्गांलगतची कल्याण, डोंबिवली, वसई, विरार इ. नगरे यांतील घरांच्या किंमतींत व भाड्यांत पडत गेलेले अंतर आणि त्यातून झालेली लोकवस्तीची फेरमांडणी. नगराच्या मध्यापासून दूर जावे तसतशी जमीन स्वस्त होते, हा सर्वसाधारण नियम होय. मुंबई हे तीन बाजूंनी समुद्राने वेढलेले अरुंद बेट असल्याने येथे ही उतरण मुख्यत्वे उत्तरेकडे, रेल्वेच्या रुळांना धरून गेलेली दिसते. म्हणूनच येथील सामान्य माणूस घराचे अंतर मैलांत न सांगता मिनिटांत सांगतो.

१८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधार न्यासाने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले आणि पुढे दादर-माटुंगा भागात मध्यमवर्गीयांसाठी वसाहती आखल्या. मात्र पाडलेल्या खोल्यांच्या मानाने गरिबांसाठी बांधलेल्या खोल्या अपुऱ्या पडल्या. १९२० मध्ये निघालेल्या विकास खात्याने ५०,००० खोल्यांचा संकल्प सोडला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ चाळी व सुमारे १६,००० खोल्या उभ्या राहिल्या. गिरण्यांपासून लांब असलेल्या वरळीच्या अनेक खोल्या आरंभी रिकाम्याच होत्या. कामगाराला खोलीचे भाडे परवडणे आणि ती कामाच्या जवळ असणे, या दोन्ही गोष्टी एकदम साधाव्या लागतात, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते. नंतरच्या योजनाकारांनी ते फारसे लक्षात घेतलेले दिसत नाही.

१९४७ च्या भाडेनियंत्रण अधिनियमाने जुन्या घरांची भाडी स्थूलमानाने सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविली. त्यामुळे गिरगाव, लालबाग, परळ येथील नोकरदार व गिरणी कामगार कुटुंबे दोन-तीन पिढ्या नगराच्या मध्यभागी टिकून राहिली. दुसऱ्या बाजूस घरमालकांनी दुरुस्ती सोडून दिली, भाड्याची नवी घरे बांधणे जवळजवळ थांबले व पागडीची प्रथा रुजली. मोडकळीस आलेल्या इमारतींसाठी १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापून उपकर बसवावा लागला. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये गोठविलेल्या भाड्याची तरतूद अवाजवी ठरविली. त्यानंतरच्या १९९९ च्या अधिनियमाने (अंमल ३१ मार्च २००० पासून) दरसाल ४ टक्के वाढीस मुभा दिली व पागडीलाही मान्यता दिली. टंचाईचे सारे खापर या एका कायद्यावर फोडणे मात्र एकांगी ठरेल. १९७६ च्या नागरी कमाल जमीनधारणा कायद्याने अडकलेली जमीन आणि बांधकामाच्या चटई क्षेत्रावरील मर्यादा यांचाही त्यात वाटा आहे.

या व्यवस्थेत एकाच गल्लीत दोन बाजार नांदू लागले. जुन्या भाडेकरूचे मासिक भाडे नाममात्र, तर शेजारच्या नव्या इमारतीतील सदनिका त्याच्या आयुष्यभराच्या मिळकतीपलीकडची. दहा बाय बाराची खोली भावाभावांत वाटता येत नाही. थोरला खोलीत राही आणि धाकटा लग्न ठरताच डोंबिवली किंवा विरारला जागा पाही. जागा न मिळाल्याने लग्न लांबे, असेही घडे. १९८२ च्या गिरणी संपानंतर ही गती वाढली. गिरण्यांच्या जमिनींबाबतची १९९१ ची नियमावली २००१ मध्ये बदलण्यात आली व २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल ग्राह्य धरला. त्यामुळे मोकळ्या जागा व घरे यांसाठी मिळावयाची जमीन बरीच घटली आणि परळ भागात उंच इमारती व कचेऱ्या आल्या.

बेटाची लोकसंख्या १९८१ मध्ये सुमारे ३२.८ लक्ष होती, ती २०११ मध्ये ३०.८ लक्षांवर आली. उपनगर जिल्ह्याची त्याच वर्षी ९३ लक्षांवर गेली. कचेऱ्या दीर्घकाळ दक्षिणेकडेच राहिल्याने घराच्या किंमतीत वाचलेला पैसा प्रवासाच्या वेळात फेडावा लागला. याचा अधिक भार नोकरी करून घर सांभाळणाऱ्या स्त्रियांवर पडला. चाळीतील गणेशोत्सव, व्यायामशाळा व कोकणातील गावांच्या मंडळांच्या सामायिक खोल्या यांना आधार देणारी वस्तीही पांगली.

ज्यांना दूरचे घरही परवडले नाही, ते झोपडपट्टीत गेले. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईतील सु. ४१ टक्के लोक झोपडपट्ट्यांत राहत होते. १९९५ पासूनच्या पुनर्वसन योजनेत पात्र झोपडीधारकांना विनामूल्य सदनिका मिळू लागल्या. परंतु देखभालीचा खर्च न पेलल्याने किंवा रोख रकमेच्या गरजेपोटी काहींनी त्या विकल्या व ते पुन्हा अधिक उत्तरेकडे सरकले.