बिली ग्रिफिथ : लॉर्ड्सचा हौशी यष्टिरक्षक

इंग्लंडच्या काउंटी क्रिकेटमध्ये १९६२ च्या अखेरीपर्यंत ‘हौशी’ आणि ‘व्यावसायिक’ अशी खेळाडूंची दोन गोत्रे होती. हौशी खेळाडूच्या नावाची आद्याक्षरे धावफलकावर आडनावाच्या आधी, तर व्यावसायिकाची नंतर छापली जात. त्यांच्या खोल्या वेगळ्या आणि अनेक मैदानांवर प्रवेशद्वारेही वेगळी असत. सर्रे व ससेक्सकडून खेळलेले स्ट्युअर्ट कॅथी ऊर्फ बिली ग्रिफिथ हे यांपैकी पहिल्या गोत्रातले.

१६ जून १९१४ रोजी जन्मलेल्या ग्रिफिथ यांचे शिक्षण डलिच कॉलेज व केंब्रिजमध्ये झाले. १९३५ मध्ये त्यांना विद्यापीठाचा ‘ब्लू’ मिळाला आणि १९३५-३६ च्या हंगामात एमसीसीच्या संघातून त्यांनी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा दौरा केला. पुढे डलिच येथेच शिक्षकी पेशा पत्करल्याने काउंटी क्रिकेट बहुधा सुटीपुरतेच उरले.

महायुद्धात ते ग्लायडर वैमानिक होते. जून १९४४ मध्ये सहाव्या एअरबोर्न डिव्हिजनचे सेनापती जनरल गेल यांना नॉर्मंडीत उतरविणारे ग्लायडर ग्रिफिथ यांनी चालविले. या सेवेबद्दल त्यांना ‘डीएफसी’ हे पदक लाभले. १९४५ च्या ‘विजयी कसोटी’ मालिकेत यष्टींमागे तेच होते. १९४६ मध्ये ते ससेक्सचे कर्णधार आणि सचिवही झाले. हौशी खेळाडूला खेळासाठी पगार घेता येत नसे, सचिवपदासाठी मात्र घेता येई! संघ त्या वर्षी तळाला राहिला.

फलंदाज म्हणून त्यांचा लौकिक बेताचाच. प्रथम श्रेणीतील त्यांची सरासरी सोळाच्या आसपास राहिली. १९४८ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यावर गॉडफ्रे इव्हान्स यांचा राखीव यष्टिरक्षक म्हणून त्यांची निवड झाली होती. दुखापतींनी संघ जर्जर झाला आणि पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत त्यांना निव्वळ फलंदाज म्हणून सलामीला धाडण्यात आले. जवळपास सहा तास खेळपट्टीवर उभे राहून त्यांनी १४० धावा काढल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमधील हे त्यांचे पहिलेच शतक आणि तेही कसोटी पदार्पणात! असा पराक्रम त्यापूर्वी एकाही इंग्लिश खेळाडूने केला नव्हता. पुढच्या हिवाळ्यात दक्षिण आफ्रिकेत इव्हान्स यांना वगळून शेवटच्या दोन कसोटींत त्यांच्याकडे यष्टिरक्षण सोपविण्यात आले. त्यांची कसोटी कारकीर्द या तीन सामन्यांचीच.

१९५२ मध्ये ते एमसीसीचे सहायक सचिव झाले आणि १९६२ मध्ये सचिव. ज्या वर्षी हे पद मिळाले, त्याच वर्षी हौशी-व्यावसायिक भेद कायमचा मिटविण्यात आला. सर्वांत अवघड परीक्षा १९६८ ची होती. बेसिल डॉलिव्हेरा संघात असल्यास दक्षिण आफ्रिकेचा दौरा होणार नाही, हे लॉर्ड कोबहॅम यांच्या पत्राने आधीच स्पष्ट झाले होते. सचिवांच्या हाती आलेले हे पत्र गब्बी ॲलन व अध्यक्ष आर्थर गिलिगन यांच्यापुरतेच राहिले, पूर्ण समितीपुढे गेलेच नाही. वर्तुळ किती लहान होते पाहा : ॲलन हे १९४८ च्या दौऱ्यावरील त्यांचे कर्णधार, तर गिलिगन ससेक्सचे माजी कर्णधार. या गुप्ततेमुळे एमसीसीला झालेली नाचक्की टाळता आली असती.

१९७४ मध्ये ग्रिफिथ निवृत्त झाले. क्रिकेटच्या नियमांच्या १९८० च्या संहितेच्या मसुद्यावर त्यांनी मेहनत घेतली. १९७९-८० मध्ये ते एमसीसीचे अध्यक्ष होते. ७ एप्रिल १९९३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र माइक हेही यष्टिरक्षण करीत. ससेक्सचे नेतृत्व केलेले माइक २०१२ मध्ये एमसीसीचे अध्यक्ष झाले.